शालनबाईचा डावा पाय

माणसाची मान पुढून बघायची ती फोटोग्राफरने, मागून बघायची ती न्हाव्याने, आणि बाजूने बघायची ती तळवड्याच्या शालनबाईने. कानाच्या पाळीपासून खांद्याच्या टोकापर्यंतचा तो वीतभर उतार गावातल्या निम्म्याअधिक लोकांचा तिच्या पायाखालून गेलेला होता. हे बोलणं अलंकारिक नाही. खरोखर पायाखालून गेला होता.

शालनबाई पायाळू. आईच्या पोटातून आधी पाय बाहेर आले, डोकं मागून. अशा माणसाचा पाय लागला की उसण जाते, चमक जाते, अवघडलेली मान सुटते, ही समजूत आपल्याकडे कधीची आहे ते कुणी सांगावं! पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात, म्हणून ढग गडगडले की लहानपणी आई तिला घरात कणगीच्या आड बसवायची. लग्न होऊन तळवड्यात आली तेव्हा सासूने आधी तिचे पाय बघितले आणि मग तोंड. तोंड बघून सासूची थोडी निराशा झाली, असं उद्धवराव अजून सांगतात. उद्धवराव म्हणजे शेजारचे. त्यांची जीभ पहिल्यापासून अशीच सैल.

तर नेम असा होता. मंगळवारी आणि शनिवारी, सकाळी चूळही न भरता यायचं. अंगणात पाटावर पूर्वेला तोंड करून बसायचं. शालनबाई मागे उभी राहून डाव्या पायाची टाच दुखऱ्या जागी सात वेळा लावणार. मग उठायचं, एक शब्द न बोलता निघायचं, मागे वळून बघायचं नाही. द्यायचं काही नाही, नारळसुद्धा नाही. पूर्वी येणारे ओझ्याने अवघडलेले असायचे. आयटी पार्क झालं तसे लॅपटॉपपुढे वाकून मान धरलेले यायला लागले, चाकणच्या कंपन्यांतले रात्रपाळी संपवून बसमधून परस्पर उतरायला लागले. गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांत झोप, आणि मान एकीकडे.

तीस वर्षं पाय लावून लावून तिच्या टाचेला डोळे फुटले होते. कानामागच्या टेकाडापासून एक जाड दोरी तिरकी खाली हासळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या हाडाकडे उतरते, हे तिला ठाऊक. मान वळवली की ती दोरी ताणते. दोरीच्या पुढच्या घळीत नाडी उडते. तिथे पाय न्यायचा नाही, ही तिच्या आजीची ताकीद. दोरीच्या मागे एक मऊ खळगा. आणि खळग्याच्या मागे खांद्याची गादी, माणूस जसा कष्टाचा तशी जाड. दोरी, खळगा, गादी. एवढ्यावर ती माणसाचं घर सांगायची.

“रातभर डाव्या कुशीवर झोपतोस व्हय रं?”

“व्हय काकी. का?”

“मग बायको उजवीकडं असंल. कवा बोलायची बंद झाली?”

सात पुरे झाले की काही न बोलता निघून जायचं असल्यामुळे उत्तर द्यायची सोय नसे. तो कानापर्यंत लाल होऊन फाटकाबाहेर पडे, आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी चार गल्ल्या ओलांडे.

या घरात एकाच मानेला तिचा पाय कधी लागला नव्हता. नवऱ्याच्या.

लक्ष्मणराव चाकणला गाड्यांच्या कंपनीत. काम असं की गाडी वरून लटकत यायची, हा खाली उभा, दोन्ही हात डोक्याच्या वर, आणि वर टांगलेल्या बंदुकीने गाडीच्या पोटातले नट आवळायचे. एका पाळीत शेकडो गाड्या. सव्वीस वर्षं हात वर करून काढली त्याने. उद्धवराव म्हणायचे, “लक्ष्मणा, एवढा वेळ हात वर करून देवापुढं उभा राहिला असतास तर देव खाली उतरला असता. तुझ्यापुढं फक्त गाडी उतरती.” लक्ष्मणराव हसायचा. त्याचे खांदे मात्र बघण्यासारखे होते. गावात कुणी गेलं की तिरडीला पहिला खांदा त्याचा, आणि इंद्रायणीपर्यंत तो खांदा बदलायचा नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पौषात त्याच्या मानेच्या उजव्या बाजूला, त्या मऊ खळग्यात, एक गाठ दिसायला लागली. आधी हरभऱ्याएवढी, मग सुपारीएवढी. दुखत नव्हती. महापालिकेच्या दवाखान्यात दाखवली. तिथले डॉक्टर म्हणाले, सुईने थोडं पाणी काढून तपासू, घाई नको, कदाचित नुसत्या गोळ्यांनी जाईल.

पण घाई होती. पोरीचं, पूनमचं, लग्न ठरत होतं. मुलगा राजगुरुनगरकडचा, चांगला शिकलेला, माणसं मोजकी बोलणारी. बघायला आले तेव्हा मुलाची आत्या चहाची बशी हातात धरून लक्ष्मणरावाच्या शर्टाच्या कॉलरकडे बघत राहिली. जाताना फाटकाशी तिने वहिनीच्या, म्हणजे मुलाच्या आईच्या कानात एकच शब्द टाकला, आणि तो शालनबाईने ऐकला. “गंडमाळ.”

आता ज्या घरात गंडमाळ त्या घरातली मुलगी करायची का, हा विचार कुणी उघड बोलत नाही. पण करतं. हे शालनबाईलाही ठाऊक होतं, कारण वीस वर्षांपूर्वी दिराच्या सोयरिकीत तिनेच तो केला होता.

“साखरपुड्याला कॉलर लावून कितींदा झाकणार?” ती म्हणाली. “फोटोत दिसंल.”

“डॉक्टर म्हंत्यात थांबा.”

“डॉक्टरला पोरगी उजवायची न्हाई.”

हे वाक्य तिचं. पुढे ते तिला अनेकदा आठवायचं होतं.

हायवेच्या कडेला एक लहानसं क्लिनिक होतं. तिथे म्हणाले, जागेवर भूल देऊन पंधरा मिनिटांत काढतो, दुपारी घरी. आणि खरंच दुपारी घरी आला. मानेला तीन टाके, बोटाच्या दोन पेरांएवढी चीर. गाठीचा तुकडा तपासायला गेला. आठवड्याने निकाल आला: क्षयाची गाठ. सहा महिने गोळ्या घ्या, बरी होईल. म्हणजे चाकू लावला नसता तरी त्याच गोळ्या, आणि गाठ तशीच विरघळून गेली असती. गोळ्या महापालिकेतून फुकट मिळाल्या. घरात सगळ्यांना सांगितलं, शक्तीच्या आहेत.

साखरपुडा झाला. फोटोत मान स्वच्छ.

पण टाके काढल्यावर लक्ष्मणराव कामावर गेला आणि पहिल्याच गाडीखाली त्याचा उजवा हात खांद्याच्या उंचीपर्यंत जाऊन थांबला. वर जाईना. ढकलला तर खांद्यापासून कानापर्यंत कळ. क्लिनिकवाले म्हणाले, टाक्यांची ओढ आहे, सुटेल. लाइनवरच्या पोरांनी आठ दिवस त्याच्या वाटचे नट आवळले. मग सुपरवायझरने त्याला स्क्रॅपच्या यार्डात पाठवलं, गेटमधून जाणाऱ्या लोखंडाच्या नोंदी करायला. बसून.

सहा दिवस तो बसून आला. सातव्या दिवशी उद्धवराव अंगणात आले आणि म्हणाले, “वहिनी, सगळ्या गावाला लाथा घालतीस. घरच्यालाच सूट का?”

“काय बोलताय भावजी! नवऱ्याला पाय लावू?”

“आगं, गावातली प्रत्येक बाई मनातल्या मनात लावतीच. तुला तर परवानगी हाय.”

लक्ष्मणराव खाटेवर बसून ऐकत होता. मंगळवारी सकाळी मात्र चूळ न भरता शर्ट काढून पाटावर जाऊन बसला.

शालनबाईने लुगड्याचा काठ सावरला, देवाला हात जोडले, आणि डावा पाय उचलून नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला. सात वेळा. मग पुढे येऊन त्याच्या दोन्ही पायांवर डोकं टेकवलं, पाप फिटावं म्हणून. आधी पाय, मग डोकं. शेजारची आजी भिंतीआडून बघत होती, तिने दातांत पदर धरला. पण हसली नाही. का कोण जाणे, त्या दोघांकडे बघून हसू आलं नाही, असं तीच पुढे सांगायची.

आणि गंमत अशी की बरं वाटलं. महिन्याभरात कळ कमी झाली. लक्ष्मणराव म्हणाला, “शालन, उतार हाय.” मग मंगळवार-शनिवारचा नेम सोडून रोज सकाळ धरली. जो तो म्हणायचा, वेळ लागतो, पण शालनबाईचा पाय आहे. क्लिनिकला परत कोण जातंय? महापालिकेच्या दवाखान्यात गोळ्या घ्यायला जायचा, तिथे हाताचा विषय काढायचा नाही. काढला तर चाकू कुठे लावला ते विचारतील.

कळ कमी झाली. हात मात्र वर गेला नाही.

तिसऱ्या महिन्यात शालनबाईच्या टाचेला कळलं. दोरी होती तशीच ताठ. पण मागची गादी, ती सव्वीस वर्षांची जाड गादी, पायाखाली बसत चालली होती. पाऊस लागलेल्या बांधावर पाय ठेवावा तशी खचत होती. डावा खांदा डोंगर, उजवा उतरण. एके दिवशी टाच गादीवर ठेवली तर सरळ हाडाला लागली.

ती पाय तसाच ठेवून उभी राहिली.

“झालं का सात?” लक्ष्मणरावाने विचारलं.

“पाच झालं,” ती म्हणाली, आणि आणखी दोनदा टाच टेकवली.

त्या दिवशी तिने बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. मनाशी म्हणाली, गोळ्यांनी वाळलाय. भाकरीवर तूप वाढायला लागली. पण तूप वाढताना तिला पक्कं ठाऊक होतं की गोळ्यांनी माणूस वाळला तर दोन्हीकडून वाळतो. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. जमीन कंपनीला गेली, सासू गेली, पोरगी निघाली. आता शालनबाईजवळ तिचं म्हणून जे होतं ते डाव्या पायात होतं. तो पाय घरातच हरला, असं म्हणायचं कसं? अजून महिना बघू. मग अजून एक.

पूनमचं लग्न वैशाखात झालं. मंगलाष्टकं संपली, सगळ्यांनी हात उंच करून अक्षता उधळल्या. लक्ष्मणरावाने कमरेपासून टाकल्या. त्या पुढच्या रांगेत बसलेल्या मुलाच्या आत्याच्या मांडीवर पडल्या. आत्या वळून बघत राहिली. या वेळी कॉलरकडे नाही, हाताकडे.

आषाढात गोळ्या संपल्या. गणपतीत आरतीचं ताट त्याने डाव्या हाताने ओवाळलं. उद्धवराव म्हणाले, “काय लक्ष्मणा, देवाला पण डावा हात?” आणि मग स्वतःच ओशाळून आरती मोठ्याने म्हणायला लागले.

वरच्या मजल्यावर सई नावाची भाडेकरू होती, आयटी पार्कात कामाला. तिची मान धरली म्हणून दसऱ्यानंतरच्या शनिवारी ती सकाळी खाली आली, तेव्हा लक्ष्मणराव पाटावर बसलेला होता, उघडा. सई जिन्यातच थांबली.

“काकू, काकांचा खांदा असा का?”

“कसा?”

“असा खाली. आणि मागचं पातं बघा ना, पंखासारखं बाहेर आलंय. हे किती दिवस आहे?”

शालनबाईने पाय खाली घेतला. दहाव्या महिन्यात कुणीतरी पहिल्यांदा सरळ विचारलं होतं, आणि तेही ज्या पोरीला तिने कधी घरचं मानलं नव्हतं तिने. सईने स्वतःच्या मानेचं दुखणं विसरून त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात नंबर लावला.

तिथे बाई डॉक्टर होत्या. चाळिशीच्या, बोलायला शांत. त्यांनी लक्ष्मणरावाला दोन्ही खांदे कानाकडे उचलायला सांगितले. डावा उचलला गेला. उजवा जागेवर. मग त्यांनी निळं पेन घेतलं आणि त्याच्या मानेवरच रेघा काढायला लागल्या, शालनबाईला दाखवत.

“हा स्नायू बघा, कानामागून कॉलरच्या हाडापर्यंत. हा चांगला आहे.”

दोरी, शालनबाई मनात म्हणाली.

“त्याच्या मागे हा त्रिकोण. आणि हा मागचा मोठा स्नायू, खांदा वर धरणारा. तो वाळलाय.”

खळगा. गादी.

“आता या त्रिकोणातून एक नस जाते. सुतळीच्या एका पदराएवढी, कातडीच्या अगदी खाली. ती या दोरीच्या मागून निघते आणि तिरकी जाऊन खांद्याच्या स्नायूला मिळते.” डॉक्टरांनीसुद्धा दोरीच म्हटलं. पेनाची रेघ बरोबर त्या दोन पेरांच्या चिरेवरून गेली. “गाठ याच वाटेवर होती. काढताना नस कापली गेली असणार. नस कापली की स्नायूला निरोप जात नाही, आणि निरोप गेला नाही की तो हळूहळू मरतो.”

“पाय लावला तर?” हे शालनबाईच्या तोंडून निघून गेलं.

“काय?”

“काही न्हाई.”

“शिवता येते का ती?” सईने विचारलं.

“येते ना. दोन्ही टोकं शोधून शिवतात. पहिल्या तीन महिन्यांत आले असते तर मी नक्की प्रयत्न केला असता. सहापर्यंतसुद्धा.” डॉक्टरांनी कागद चाळले. “आता दहा होत आले. शिवलं तरी पलीकडे जागं व्हायला स्नायू उरलेला नाही. दुसरी एक मोठी शस्त्रक्रिया आहे, शेजारचे स्नायू हलवून बांधायची. पण हात पूर्वीसारखा डोक्यावर जाईल असं मी सांगणार नाही.” मग त्यांनी वर बघितलं. “इतके महिने काय केलंत हो तुम्ही?”

खोलीत पंखा फिरत होता. शालनबाईने डावा पाय उजव्या पायाच्या मागे घेतला. आता हा सांगणार. सांगू दे. चारचौघांत एकदा सांगून मोकळा होऊ दे.

“कंपनीतनं सुट्टी मिळंना,” लक्ष्मणराव म्हणाला.

स्क्रॅपच्या यार्डात त्याला सुट्टी मागायचीसुद्धा गरज नव्हती. तो आला काय नि गेला काय. डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं. ते खोटं अजून त्या कागदावर आहे.

मोठ्या शस्त्रक्रियेला तो नाही म्हणाला. “आता मानंला सुरी नको बाई.” मानेवरच्या निळ्या रेघा चार दिवस होत्या. शालनबाईने पाठ चोळून देताना त्या पुसल्या नाहीत, त्यांना चुकवून हात फिरवला.

त्यानंतर तिने बूट आणले. पांढरे, नाडीचे, चालायला जाणाऱ्या बायका घालतात तसले. जिने जन्मात अंगणात चप्पल घातली नाही ती उठल्यापासून बूट घालून फिरायला लागली. मंगळवारी लोक आले, बूट बघून परत गेले. गावाने अर्थातच हिशोब लावला: दोष क्लिनिकवाल्याचा, पायाचा काय दोष? कुणी म्हणे, नवऱ्याला पाय लावला म्हणून गुण गेला. कुणी म्हणे, पोरीच्या सासरच्यांनी सांगितलं. खरं ठाऊक होतं ते दोघांना, आणि ती दोघं त्यावर बोलत नव्हती. दिवसभर स्क्रॅपच्या नोंदी करून तो यायचा, उजवा हात खिशात घालून बसायचा. लोंबत राहिला की ओढ बसायची म्हणून.

एकदाच ती बोलली. भाकरी थापता थापता. “मला तिसऱ्या म्हयन्यातच कळलं होतं. टाचंला.”

त्याने घास खाली ठेवला.

“मला दुसऱ्यात,” तो म्हणाला. “आरशात.”

एवढंच. भाकरी करपली, ती तिने स्वतःच्या ताटात घेतली. तो का बोलला नाही हे तिने विचारलं नाही. तिचं कारण जे होतं तेच त्याचंही असेल, तिच्याच पायासाठी, या भीतीने विचारलं नाही.

माघातल्या एका मंगळवारी उद्धवराव आले. चूळ न भरता, मान डावीकडे मोडल्यासारखी, डोळ्यांत पाणी.

“वहिनी, वळतच न्हाई बघ. रातीपास्नं भिंतीशीच बोलतोय. भिंत पण कंटाळली.”

“शेक घ्या भावजी. मी सोडलंय ते.”

“एकदा लाव. मेलो तर तिरडीवर सरळ झोपवता पण येणार न्हाई मला.”

“आदी हात वर करा,” शालनबाई म्हणाली.

“आँ?”

“दोन्ही. वर.”

उद्धवरावांनी पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर केले. ती मागे जाऊन बघत राहिली. दोन्ही खांदे सारखे. पातं जागेवर. नुसती उसण होती, झोपेतली.

“जावा. शेका.”

खाटेवरून लक्ष्मणराव म्हणाला, “लाव की. एवढा सांगतोय.”

त्याने डाव्या हाताने पाट पुढे सरकवला. मग ती ओट्यावर बसली, बुटाच्या नाड्या सोडल्या, मोजा काढला. तीन महिने झाकलेला पाय मऊ झाला होता, फिकट. उद्धवराव पाटावर बसले. तिने टाच मानेच्या बाजूला ठेवली. दोरी. खळगा. त्या खळग्यात कातडीच्या अगदी खाली, सुतळीच्या पदराएवढं काहीतरी, जे तीस वर्षांत एकदाही टाचेला लागलं नव्हतं आणि आता लागत असल्यासारखं वाटत होतं. तिने पाय खळग्यातून काढून गादीवर नेला. गादी जाड, जिवंत. सात वेळा.

उद्धवरावांनी मान उजवीकडे वळवली. मग डावीकडे. मग परत उजवीकडे. “गेली!” ते ओरडले. “आयला, गेली की! साफ गेली!”

मग नेम आठवला तसा त्यांनी तोंडावर हात ठेवला, उठले, आणि मागे न बघता, सुटलेली मान ताठ धरून फाटकाबाहेर गेले.

अंगणात पाट रिकामा राहिला. शालनबाई एका पायात बूट, एक पाय उघडा, तशीच उभी. लक्ष्मणराव खाटेवरून उठला. डाव्या हाताने सदऱ्याची बटणं काढायला लागला. उजवीकडची बाही खांद्यावरून आपोआपच घसरली. येऊन पाटावर बसला, पूर्वेला तोंड करून.

“कशाला?” ती म्हणाली.

मान थोडी पुढे वाकवून तो बसून राहिला, सातची वाट बघत.